समासातली रेघ

(डब्लिन, १९५४)

पुस्तकं माझ्या टेबलावर येतात ती खुणा घेऊनच.
रॉसकॉमनच्या कुणा बाईनं, नाहीतर बंदरावरच्या कस्टमवाल्यानं
समासात पेन्सिलीची रेघ ओढलेली असते,
वर चिठ्ठी : महोदय, पान एकशे बारा पाहावे.

महोदय पान एकशे बारा पाहतात.
एकशे अकरा नाही. एकशे तेरा नाही.
महिन्याला ऐंशी पुस्तकं, माणसं पाच,
त्यातले न्यायाधीश डुलक्या घेणारे.
शितावरून भाताची परीक्षा म्हणावी,
तर शीतही दुसऱ्यानंच चिवडलेलं.

मी यादी टाइप करते. लेखक, शीर्षक, कलम,
कार्बन लावून तीन प्रती.
'असभ्य' हा शब्द माझ्या बोटांना आता
न बघता येतो.

मंगळवारी लिव्हरपूलच्या एका दाईचं पुस्तक आलं.
नऊ रेघा.
हेनेबरी मास्तर ते घेऊन खिडकीशी बसले.
चहावर साय धरली तरी उठेनात.
पाहते तर रेघ नसलेली पानं उलटतायत,
एकशे अकरा, एकशे दहा, मागे, आणखी मागे,
किल्ली हरवलेला माणूस
आल्या वाटेनं परत जातो तसे.
त्रेचाळीसवर थांबले.
तिथे एकही खूण नव्हती.
रक्त थांबत नसेल तर बाईचे पाय कसे उंच धरावेत,
पोटावर हात कुठे दाबावा,
एवढंच होतं.

त्यांच्या बायकोबद्दल कचेरीत कुणी बोलत नाही.
तेवीस सालची गोष्ट. पूल उडवलेले होते,
डॉक्टर पलीकडच्या काठावर कंदील घेऊन उभा होता म्हणे.

साडेचारला मतं घेतली.
बंदीला तीन हात पुरतात. चार वर झाले.
चौथा मास्तरांचा,
उत्तर ठाऊक नसलेल्या पोरानं
बाकीच्यांकडे बघून वर करावा तसा.

अनुक्रमांक सदतीस. असभ्य. मी टाइप केलं.

ईस्टरनंतर माझं लग्न आहे,
मग ही नोकरी सुटेल, नियमच आहे तसा.
कपाटाला कुलूप घालायच्या आधी
मी यंत्रात एक कोरा कागद सरकवला,
कार्बन न लावता.
मास्तर दारात टोपी घालत होते.
"उशिरापर्यंत काम दिसतंय, मिस टाफ," म्हणाले,
आणि जिना उतरायला त्यांनी
नेहमीपेक्षा खूप वेळ लावला.