साडेतीन

पेट्या भरून झाल्या की दुपारी
मांगरात मी हातमोजा चढवते
आणि त्यावर मामंजींचा पंचा टाकते.
बघायला कोणी नसतं.
पेंढ्यात अंडं घालणारी एक कोंबडी,
भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर.
तरी उघड्यावर भाव करणं
मला अजून जमत नाही.

कंपनीचा पोरगा पडेलला आला होता
मोटारसायकलवरून, पाठीला खोका बांधून.
म्हणाला, तिकडे वाशीत दाबलं
की इथे तुमच्या तळव्याला कळतं.
फोनवर काय, कोणी काहीही बोलेल.
हात खोटं बोलत नाही, काकी.
मी म्हटलं, बाबा रे,
तू आंब्याच्या धंद्यात नवीन दिसतोस.

याकूबभाई सोलकरांचा हात मला पाठ आहे.
मामंजी गेले त्या मोसमात
ट्रकमागून मीच वाशीला गेले.
बाईमाणूस बघून गाळ्यावरचे गप्प झाले.
यांनी रुमाल पसरला, खाली हात दिला.
कोरडा, पेंढ्याच्या वासाचा.
तर्जनी मधल्या पेरापर्यंतच. उरलेली
कधीकाळी ट्रकच्या फाळक्यात राहिली.
ती टेकली की अर्धा.
पुरे चार म्हणायचे तर अंगठा लावत.
अख्ख्या बाजारात साडेतीन हजार
इतक्या सहज कुणाला म्हणता येत नसत.
मामंजी म्हणायचे,
माणूस तरी केवढा, साडेतीन हातांचाच.
सोलकरांचा भाव बरोबर आहे.

यंदा फेब्रुवारीअखेर, पहिल्या चाळीस पेट्या.
मोजा कोमट झाला. बोटं आली.
एक, दोन, तीन
आणि तर्जनी.
मी चाचपून पाहिली.
पुरी.
नखापर्यंत.

चार? मग अंगठा कुठे?
की आज गादीवर दुसराच कोणी बसलाय
याकूबभाईंचा हात घालून?
बारा वर्षांत पहिल्यांदाच
सौदा अर्धा टाकून मी हात काढून घेतला.

फोन लावला.
"याकूबभाय, तुमचा ता बोट अर्धा मा?"
पलीकडे हमालांचा गलका,
कुणीतरी पेटी आपटली.
मग ते हसले, खोकले.
"यंत्राला वाटलं चुकून राहिलंय,
त्याने भरून टाकलं.
पोरगा म्हणतो, दुरुस्त होईल."
आणि जरा वेळाने, हळू:
"वहिनी, तुम्ही चाचपलंत ना,
ते मला जिथे काही नाही तिथे कळलं.
तीस वर्षांनी.
इतक्यात त्याला दुरुस्त करायला सांगू नका."

यावर काय बोलणार.
मी भाव विचारला, तोंडी.
म्हणाले, तुम्हाला चार पोचले ना? मग चार.
मी म्हटलं, तुम्ही साडेतीन दिले होते.
ते चार म्हणत, मी साडेतीन.
असा उलटा सौदा ऐकून
मामंजींनी मला घरात घेतलं नसतं.

शेवटी काय ठरलं ते बिलात आहे.

आता तर्जनी येते ती पुरी येते,
मी अर्धी मोजते.
त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे,
कंपनीला कळवलेलं नाही.
पण तो कोरडेपणा येत नाही, पेंढा येत नाही.
भाव पाडण्याआधी तो हात
जरासा थांबायचा, लाजल्यासारखा;
तेही येत नाही.
खाडीकडून वारा सुटून नेट गेलं
की मात्र हात थांबतो,
आणि पंच्याखाली, दर वेळी,
मला वाटतं,
आता पाडणार.