अ फ्यू

फ्रेजरबर्गच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
बुधवारी साडेसहाला इंग्रजीचा वर्ग.
काचेवर मीठ साचलेलं. खाली बंदर.
हीटर चालू, तरी कोट कुणी काढत नाही,
आणि कितीही धुतले तरी हातांना हॅडॉकचा वास.

मिसेस गेडेस फळ्यावर लिहितात : हार्ड.
त्याच्याखाली : हार्डली.
तेस्फालेम मान खाली घालतो.
बढतीच्या अर्जात त्यानं लिहिलं होतं,
आय वर्क हार्डली.
तो कागद आठवडाभर कँटीनच्या भिंतीवर होता,
चहाच्या यंत्राशेजारी, चार टाचण्यांनी.

स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली,
शेपूट लावलं की क्रियाविशेषण.
नियम पाळला, आणि नियमानंच घात केला.
"हार्डली म्हणजे जेमतेम," बाई म्हणाल्या.
"म्हणजे, न केल्यासारखंच."
पहाटे चारपासून बर्फात बोटं घालणाऱ्या माणसाला
हे सांगताना त्यांनी मार्करचं टोपण
उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

दाइवाची तक्रार वेगळी.
तिच्या लिथुआनियनमध्ये विशेषण नामाच्या मागोमाग चालतं,
बाईसाठी एक रूप, पुरुषासाठी दुसरं, घोळक्यासाठी तिसरं.
इथे कोल्ड मॅन, कोल्ड वूमन, कोल्ड फिश.
"सगळ्यांना एकच थंड?"
"एकच," बाई म्हणाल्या. वर्ग हसला.

मग मोजण्याचा धडा.
पाणी मच, बोटी मेनी.
आणि पैसा?
इथे बसलेला प्रत्येक जण तो नाण्यापर्यंत मोजतो,
तरी मनी मच, मेनी नाही.
यावर बराच वेळ गेला. कुणालाच पटलं नाही.

शेवटी वहीत एकेक वाक्य, स्वतःबद्दल.
तेस्फालेमचं : आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर.
बाईंचं लाल पेन 'फ्यू'च्या अलीकडे थांबलं.
"इथे 'अ' हवा का रे?
अ फ्यू म्हणजे आहेत थोडे, भागतंय.
नुसतं फ्यू म्हणजे नाहीतच म्हणायचे."

मराठीत अ लागला की असलेलं जातं :
शक्याचं अशक्य, परिचिताचं अपरिचित.
इथे तोच अ येतो
आणि रिकाम्या खोलीत दोन-तीन माणसं बसवतो.

"चूक आहे का, बाई?"
"व्याकरणात दोन्ही बरोबर."
"मग खरं कुठलं, ते कुणाला विचारू?"
बाईंनी पेन मिटलं.

गुरुवार. पट्ट्यावरून मासे येतात, मेनी, मेनी.
दाइवा काही न बोलता, हातमोजा न काढता,
काळ्या पावाचा अर्धा तुकडा त्याच्या खिशात कोंबते.
नजर सुरीवरच.
चहाच्या यंत्राशेजारी आता चार भोकं तेवढी.
कागद कुणी काढला, कुणी सांगत नाही.

पुढच्या बुधवारी वही परत आली.
'फ्यू'च्या अलीकडे, दोन शब्दांच्या फटीत,
अंग चोरून बसलेलं एक अक्षर.
पेननं नाही.
पेन्सिलनं.