आर्द्रता पंचेचाळीस

ऑक्टोबर सरत आला की मनामात
संध्याकाळी बाहेर चालता येतं,
आणि माझ्या हातात मोसमाचा कागद पडतो.
लोकांना पोस्टर दिसतं :
निळ्यावर सोनेरी सॅक्सोफोन, तारखा,
पहिल्या रांगेचे बारा दिनार.
मला दिसतात अंश.

सात नोव्हेंबर. लिस्बनहून चौघे, जॅझ.
तापमान एकवीस, आर्द्रता पंचेचाळीस,
पियानोवर थेट झोत नको.
उभं बास वाजवणाऱ्यानं खाली स्वतः लिहिलंय :
लाकूड शंभर वर्षांचं आहे, कृपया.

हे ‘कृपया’ मला कळतं.
माझ्या पासवर छापलंय ‘सतारमेकर, एसी विभाग’.
गेटवरचा नेपाळी पोरगा अजून हसतो.
मिरजेत आमच्या माळ्यावर भोपळे टांगलेले असत,
वर्ष वर्ष. अब्बा शिडीवर चढून
पेरानं टकटक करत, कान लावत,
आणि उतरताना म्हणत,
‘ओला आहे अजून. बोलायचा नाही.’
मी आयटीआयला गेलो तेव्हाही
ते एवढंच म्हणाले होते.

अकरा तारखेला मुहर्रकची मंडळी.
मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांचे नातू,
आता तेच आजोबा झालेले.
गाण्यांत वल्ही, दोर, मागे राहिलेली बायको,
साथीला मातीचे घडे आणि ढोल.
त्यांनी कागदावर एकच ओळ दिली : एसी बंद.
मॅनेजरचा रक्तदाब वाढला.
म्हातारे बू जासिम स्वतः हॉल बघायला आले,
थुंकी लावून बोट हवेत धरलं
आणि मला हिंदीत म्हणाले,
‘ठंडा में चमड़ा सो जाता है, बेटा.’
ढोल शेकायला त्यांना विस्तव हवा.
विस्तवाला फायर विभागाची परवानगी नाही.
मी कॅन्टीनचा खबूस गरम करायचा हीटर
दोन तास मागून घेतलाय, चहाच्या बोलीवर.

आणि एकोणीसला धारवाडच्या बाई. ख्याल.
तेव्हा आपली सगळी माणसं येतील,
नथी, अत्तरं, ‘ही सीट आमची’,
मध्यंतरात वड्यांवरून कुजबुज.
बाईंच्या कागदावर : तेवीस अंश,
कोमट पाणी, स्वर काळी पाच.
तंबोऱ्यांच्या रकान्यात काहीच नाही.
मला वाटलं, लिहायचं राहिलं असेल.
मी चार दिवस आधीपासून हवा लावायचं ठरवलं,
हळूहळू, दिवसाला दोन टक्के,
भोपळ्याला कळू नये की तो वाळवंटाजवळ आलाय.
तारा कुणाच्या, घोडी कुणाची,
गल्लीतल्या कोणत्या घरची,
हात लावला की ओळखेन म्हटलं.

मंडळाचे टिळवे फोनवर हसले.
‘अहो, विमानात फुटतात हो तंबोरे.
बाई पेटी आणतात. डब्याएवढी असते.
तुम्ही फक्त एक प्लग द्या.’
मी लिहून घेतलं :
स्टेज, डावी बाजू, एक प्लग.

आज रात्री हॉल रिकामा आहे.
लिस्बनवाल्यांचं बास कार्गोतून आधीच आलंय,
पेटीतून काढून कोपऱ्यात टेकवलंय,
हवेची सवय व्हावी म्हणून.
कुणी नाही बघून
त्याच्या पोटावर मी पेरानं टकटक केलं.
कोरडं आहे. बोलेल.

मग छतावर गेलो.
दोन नंबरचा ब्लोअर गेली सहा वर्षं
काळी चारच्या आसपास गुणगुणतो.
कुणाची तक्रार नाही. कुणाला ऐकूच येत नाही.
खालच्या मशिदीतली इशाची अजान संपेपर्यंत थांबलो,
मग पान्हा काढला, पुली अर्धा फेरा फिरवली,
पत्र्याला कान लावला.
चढला. जरा जास्तच चढला.
पुन्हा पाव फेरा मागे.
अजून खरखर आहे.

असू दे. एकोणीसला वेळ आहे.