आवाजावरून

समुद्र नाही आमच्याकडे.
पण कुरव येतात.
डिसेंबर लागला की हतनूरच्या फुगवट्यावर
धुतलेल्या वाट्या पालथ्या टाकाव्यात तसे तरंगतात
आणि आपल्याकडे असे बघतात
की पत्ता आपलाच चुकलाय.

दुर्बीण माझी जुनी, डाव्या नळीत बुरशी.
एक डोळा मिटून मोजतो:
थापट्या बासष्ट,
तलवार बदक एकशे चाळीसच्या आसपास,
चक्रवाक अकरा, म्हणजे कुणीतरी एक एकटा.
चुडामणदादा म्हशी पाण्यावर आणतात, दरवर्षी विचारतात,
"मोजून काय भेटतं रे तुले?"
दरवर्षी मी सांगतो, "आकडा."
दरवर्षी त्यांना ते पटतं.

यंदा याच काठावर पोरं आली, गाणी घेऊन.
पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या मातीत
हरभरा टाकतात, टरबूज लावतात,
त्यावरूनच स्वतःचं नाव ठेवलेलं: गाळपेर.
आधी मी भांडलोच.
जनरेटर आणाल, भोंगे लावाल,
सगळं पाणी एका दमात उठून जाईल.
यामिनी भंगाळे ऐकून घेत होती, गिटारीची खुंटी पिळत.
मग म्हणाली, "काका, वायरच आणली नाही."

खरंच नव्हती आणली.
ढोलकीही नव्हती. केळीचा क्रेट पालथा घालून
रुबाब तडवी त्यावर बसला,
मांड्यांच्या मधून बोटं सोडली त्यानं प्लास्टिकवर.
सावद्याची किती केळी घेऊन दिल्लीला गेलेला क्रेट तो,
पहिल्यांदाच काहीतरी परत आणत होता.

तिसरा मयेकर, मालवणचा, तोंडात माउथऑर्गन.
पाण्याकडे बघून त्यानं विचारलं, "भरती कधी?"
"दरवाजे बंद केले का," रुबाब म्हणाला,
अन् तेवढ्यावर सूर धरला.

ऐकायला माणसं चोवीस. हात राहवेना, वहीत मांडली:
स्थानिक नऊ.
स्थलांतरित तेरा, पुण्या-नाशकाहून थंडीपुरती आलेली,
मार्चच्या आत उडणार.
दोन ओळखू आली नाहीत, मफलरीमुळे.

पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी फुटत होती.
गाणी तिची, तिनंच केलेली.
एक वखारीतल्या पिवळ्या बल्बवर,
जो केळी पिकली तरी विझवत नाहीत.
एक आईच्या स्कूटी शिकण्यावर:
आईनं ब्रेक दाबला अन् रस्ताच पुढे निघून गेला.
सगळे हसले.
आई सगळ्यात उशिरा.

केळीच्या पानावर भरीत आलं,
शेवटचं गाणं अर्ध्यावर होतं,
तेव्हा वरून गेले ते.
दिसलं काहीच नाही.
नुसता आवाज, नाकातला, ओला,
आभाळभर बिजागऱ्या कुरकुराव्यात तसा,
सातपुड्याकडून निघालेला, पाण्याकडे उतरत.
यामिनीनं तारांवर तळहात ठेवला.
रुबाबची बोटं क्रेटवर तशीच.
मयेकरनं ओठांपाशी आणलेली फुंकर गिळली.
चोवीस तोंडं वर, घास तोंडात तसाच.

गाणं मग तिनं पुरं केलं नाही.
टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.
चुडामणदादांनी टोपी काढली, झटकली, परत घातली
आणि माझ्याकडे सरकून हळूच विचारलं,
"किती होते?"

वहीत त्या रात्रीची ओळ अशी आहे:
पट्टकादंब. आवाजावरून.
आकड्याच्या रकान्यात
भरताच्या तेलाचं माझं बोट उमटलंय,
तेवढंच.