एक पायरी वर

बुडापेस्टच्या स्टुडिओत आज तिसरा टेक.
कानात टिकटिक, समोर कागद,
कागदावर चारच सूर:
एक पायरी उतरायची, परत चढायची,
मग दोन उतरायच्या आणि थांबायचं.
काचेपलीकडून तो स्टॉकहोमचा पोरगा म्हणतो,
“वेंडेल, अजून जरा काळं हवंय.”
त्याच्या गेममध्ये कवट्यांचं दार उघडणार आहे.

मी ट्रॉम्बोनमधलं पाणी झटकतो. तासावर पैसे मिळतात.
याच चार सुरांवर मी बायकोचे दात बसवून घेतले,
गाडीचा क्लच बदलला.
चेटकीण आली की हेच, जहाज बुडालं की हेच,
एकदा तर डोकेदुखीच्या गोळीच्या जाहिरातीत,
गोळी घेण्याआधी.

बाबांना हे सूर शब्दांसकट यायचे.
द्रावाकाठच्या गावात ते चर्चचे गायक.
प्रत्येक मयताला उभे राहून, दोन-दोन मोजे घालून,
लॅटिनची एकोणीस कडवी.
अर्थ कुणाला कळत नसे.
म्हणजे, कळायचा सगळ्यांना.
जगाची राख होणार, एक वही उघडणार,
वहीत सगळ्यांचं सगळं मांडलेलं.
“लोक घाबरायला नाही ऐकत,” बाबा म्हणत,
“कुणीतरी हिशेब ठेवतंय, एवढं ऐकून घरी जातात.”

मग रोमहून कागद आला.
मयताला आता आपल्याच भाषेत गायचं,
आणि थोडं आशेचं.
बाबांनी पोथी मेणकापडात बांधली.
मी तेव्हा सहा वर्षांचा, तळघराच्या तोंडाशी.
कंदील घेऊन ते एक पायरी उतरले,
काहीतरी राहिलं म्हणून परत वर आले
(चष्मा असावा),
मग उतरतच गेले, वाइनच्या पिंपांमागे.

या मार्चमध्ये बाबा गेले.
माती गोठलेली, फादर तरुण, गिटार गाडीतच राहिली.
पेटी खाली सोडताना कुणी काही गायलं नाही.
नुसता दोरांचा आवाज.
आणि बहिणीचा नातू बोतोंद, नऊ वर्षांचा,
नाक ओढत गुणगुणला:
चारच सूर, बिनचूक.
त्याच्या आईने त्याचा हात दाबला.
“मोठ्या राक्षसाच्या आधी हेच वाजतं,” तो मला म्हणाला.
“मग आपण मरतो.
मग पहिल्यापासून.”

चौथा टेक. काळं, मी मान डोलावतो.
पहिला सूर. दुसरा.
परत वर येताना मात्र मी रेंगाळतो,
कागदावर नाही एवढा,
अंधाराच्या दारात
चष्मा चाचपणाऱ्या माणसाला
लागतो तेवढा वेळ.

कानातली टिकटिक पुढे निघून जाते.