एक पाऊल खाली

रात्रीचे साडेअकरा, आणि सूर्य डोंगराच्या खांद्यावर
कोपर टेकून बसलेला. घरी जायचं नाव नाही.
स्कारएल्वाचं पाणी कोऱ्या चहासारखं,
वरच्या दलदलीतून येताना रंग उतरवून आणलेलं.

या डोहाचा नियम साधा:
दोर फेकायचा,
माशी प्रवाहात तिरपी वाहू द्यायची,
मग एक पाऊल खाली.
पुन्हा फेक, पुन्हा पाऊल.
कुणी एका जागी ठाण मांडायचं नाही.
मासा मिळाला किंवा डोह संपला की बाहेर यायचं,
बर्चच्या झाडांतून वर चालत जायचं
आणि शेवटी उभं राहायचं.

माझ्यापुढे चाळीस पावलांवर आर्नल्योत.
आम्ही साडू.
दोन बहिणी केल्या, एक सासरा वाटून घेतला,
नावघर तेवढं वाटता आलं नाही.
नऊ वर्षं झाली.
नाताळात कार्ड येतं, अक्षर गुडवैगचं.
पण जुलैतल्या या आठवड्याचा परवाना
म्हाताऱ्याने दोघांच्या नावे करून ठेवलाय,
एकाच डोहाचा.
लबाड होता. मरताना हसत होता म्हणतात.

तर आम्ही उभे, मांडीभर गार पाण्यात.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये;
साडूशी करावं की नाही,
त्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही.

माझी माशी त्याच्याच पेटीतली:
खारीच्या शेपटीचे काळे केस, एक पिवळा धागा,
कोंबड्याच्या मानेचं पीस.
जगातल्या कुठल्याच माशीसारखी दिसत नाही.
आणि सॅमन तर नदीत शिरला की खातच नाही,
समुद्रातल्या शिदोरीवर चढत राहतो,
पोट आतून चिमत जातं.
मग धरतो कशाला?
सुन्नीवा म्हणते, राग.
दुकानातला ओड्डमुंड म्हणतो, बाळपणची सवय.
मला वाटतं,
वाटेत कुणीतरी आडवं आलं, एवढंच.

समुद्रातून येणाऱ्या ट्राउटचं निराळं. तो अंधाराचा जीव,
आणि इथे जुलैत अंधारच नाही.
साडेबाराला सूर्य शिखराआड सरकतो,
डोहावर तासभर निळी सावली पडते,
ती तो रात्र म्हणून चालवून घेतो.

सावली पडली. डास कानात.
आणि आर्नल्योतची काठी वाकली,
रीळ किंचाळलं.
मासा एकदा हवेत आला, आडवा, चंदेरी,
थोबाडीत मारल्यासारखा पाण्यावर आपटला.

नियम दुसरा: मागच्याने आपला दोर गुंडाळायचा,
जाळी घेऊन जायचं.
गेली आठ वर्षं मी बुटाची नाडी बांधत बसायचो.
आज का गेलो, माहीत नाही.
गुडघ्याला दगड लागत होते, मी जात होतो.

"डावीकडून," तो म्हणाला.
नऊ वर्षांतला पहिला शब्द.
मी उजवीकडून गेलो.
मासा माझ्या पायांतून निघाला, दोर बुटाला घासला,
तुटायचाच, तुटला नाही.
मग गेलो डावीकडून.

ट्राउट. पावणेतीन किलो असेल.
अंगावर अजून समुद्रातल्या उवा,
दोन दिवसांपूर्वीची खार.
त्याने ओल्या हातांनी गळ सोडवला,
माशाचं तोंड प्रवाहाकडे धरून
कितीतरी वेळ वाकून उभा राहिला.
केस किती पांढरे झालेत याचे, मागून.
मग शेपटी हलली आणि हात रिकामे.
आभार नाहीत. मी वाटही पाहिली नाही.
थोडी पाहिली.

तो बाहेर पडला, झाडांतून वर गेला.
आता पुढे मी, मागे तो.
त्याच्या दोराची शिट्टी माझ्या पाठीवर ऐकू येते.
तीन फेका. चार.
मग नदीच्या आवाजावरून:
"माशी मोठी आहे तुझी."

मी वळलो नाही.
पेटी उघडली, दातांनी धागा तोडला,
एक बारीक, तांबूस माशी बांधली,
बोटं गारठलेली, गाठ दोनदा सुटली.
फेकली.
आणि एक पाऊल खाली.