खारं, गोडं

काटा सरळ उभा राहिला की समजावं
चढ अजून अर्धा बाकी आहे.
मग मी हीटर पूर्ण उघडते, भर मे महिन्यात.
पुढच्या सीटवर टोपली मांडीवर घेतलेल्या कोळणी
माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.
पण इंजिनाची आग थोडी पायांवर वाटून घेतली
की सुमो फाट्यापर्यंत पोचते.

अठ्ठ्याण्णव सालची. एमएच शून्य आठ.
दिलावर परकारांनी बॉनेटला बांबूचं टेकण दिलं
आणि विडी पेटवून बसले.
"थंड होऊ दे. झाकणाची घाई करणाऱ्याचा हात बघ,"
म्हणाले, आणि स्वतःचा डावा हात दाखवला.

मग एकेक.
पट्टा अंगठ्यानं दाबला. बोटभर लवला, ठीक.
थर्मोस्टॅट काढून पोऱ्यानं चहाच्या टोपात उकळला.
आम्ही तिघं वाकून बघत होतो,
अंडं उकडायला टाकल्यासारखे.
उमलला. वेळेवर उमलला.
पंप गळत नव्हता.
तेलाच्या कांडीवर दुधी फेस नव्हता,
म्हणजे गॅस्केट शाबूत,
म्हणजे गणपतीपर्यंतची कमाई माझी मलाच.

राहिला रेडिएटर.
गाडी तापवून बंद केली,
वैद्यानं पोट चाचपावं तसा त्यांनी जाळीवरून तळहात फिरवला.
वर चटका. खालचा डावा कोपरा गार.
"इथं पाणी पोचतच नाही."

टाकी उकलली तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी पांढरं साचलेलं.
नखानं खरवडून त्यांनी जिभेवर ठेवलं.
"मीठ. जांभ्याच्या विहिरीचं पाणी लाल करतं, बाई.
हे पांढरं कुठलं?"

मी पोऱ्याकडे बघत राहिले.

अकरा वर्षांपूर्वी, केळशीच्या खाडीजवळ, रात्री
होज फुटला. सायकलच्या ट्यूबनं आवळला.
बाटल्या रिकाम्या, भरती मात्र रस्त्याला टेकलेली.
चार कॅन ओतले.
घाबरले नाही, उलट हुशार वाटलं स्वतःला.

कारण मोरेश्वर बोटीवर ऑइलर.
लग्नाच्या पहिल्या सुट्टीत, पडवीत अंथरूण टाकून
सांगत होता, आमचं इंजिन तीन मजली आहे
आणि ते समुद्राच्या पाण्यावर थंड होतं.
मला फार आवडलं होतं ते.
एवढं मोठं तापलेलं काहीतरी,
आणि त्याला समुद्र पुरतो.

आज फुजैराहून फोन लागला, तुटत तुटत.
सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.
"अगं, खारं पाणी इंजिनाला शिवतसुद्धा नाही.
आत गोडं फिरतं. खाऱ्याचा पाइप वेगळा.
दोन्ही एका पातळ पत्र्याच्या अल्याड-पल्याडनं जातात,
ऊब तेवढी देतात-घेतात,
आणि खारं परत समुद्रात."
"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"
"सांगत होतो. तू अर्ध्यातच झोपलीस."

परकारांनी नळ्यांतून चपटी सळई घातली,
रेटली, ओढली, पुन्हा रेटली.
दोन नळ्या मेलेल्याच निघाल्या, त्यांना डाख लावून मिटवलं.
"बाकीच्यांवर चालेल," म्हणाले.
हिरवं पाणी मापानं भरलं. त्याची किंमत ऐकून
मी सवयीनं घासाघीस केली, ते सवयीनं नाही म्हणाले.
खाडीबद्दल त्यांनी परत विचारलं नाही.
माहीत असावं.

ऑगस्टात मोरेश्वर येईल.
या खेपेला जागी राहायचंय,
पत्रा कसला असतो, किती पातळ, तो कधी फुटतो का,
हे सगळं विचारायचंय.

आज चढावर काटा मध्याच्या जरा खालीच बसला.
खिडकीतून वारा, हीटर बंद.
"पाय गार पडले गो आज,"
शेवंता म्हणाली, जरा नाराजीनंच,
आणि टोपली दुसऱ्या मांडीवर घेतली.